नववा थांबा

आलेइडा कोर्टेकासने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही रीतसर ठराव करून.

हॉलंडमधल्या आमच्या लायडन गावात एका कालव्यामागे एकट्या बायकांसाठी बांधलेली चौदा जुनी घरं आहेत. मधे बाग, बाहेर फाटक. नवरा गेल्यावर सहा वर्षांपूर्वी ती तिथे राहायला आली. फाटक दिवसभर उघडं असतं आणि गाव बघायला आलेली माणसं पत्रक वाचत वाचत आत शिरतात. त्यांच्या पत्रकावर हा नववा थांबा. तेव्हा तिला माणसाचा आवाजच नकोसा झाला होता. रहिवाशांच्या सभेत ती तावातावाने भांडली आणि फाटकावर पाटी लावून घेतली: ‘शांतता राखा. इथे माणसं राहतात.’

लोकही शहाणे निघाले. चवड्यांवर यायचे, गुलाब बघायचे आणि तसेच निघून जायचे. दुःख ओसरलं तसा आलेइडाला तो चिडीचूपपणा खायला उठला. दहाची कॉफी घेऊन ती खिडकीत बसायची. पडदा सताड उघडा, पण भली माणसं नजर वळवून पुढे जायची. शेजारणी वाईट नव्हत्या हो; पण कुणाकडे जायचं तर आधी डायरीत दिवस ठरवायचा, आणि पलीकडच्या हिल्लेगोंडाला मोकळा मंगळवार सापडला तो तीन आठवड्यांनंतरचा.

पाटी काढायला लावायची असं तिने ठरवलं. आम्ही खरं तर तोंडावर बोलणारी माणसं. केस वाईट कापलेत, हे शेजारणीला दारातच सांगू. पण ‘मला एकटं वाटतं’ म्हणायला आलेइडाची जीभ रेटेना. सभेत ती एवढंच म्हणाली, की पाटी फार जुनाट दिसते. सगळ्यांना पटलं. पंधरा दिवसांत नवी पाटी लागली, दुप्पट मोठी, चार भाषांत. घ्या! वर हिल्लेगोंडाने तिचे आभारही मानले.

मग एका शनिवारी, याच गावात जन्मलेल्या या बाईने जाऊन पत्रक विकत घेतलं. वाट चुकलेल्या माणसाशी कुणीही बोलतं, एवढं तिला ठाऊक होतं. छपराच्या पुलावर ती पत्रक उलटं धरून उभी राहिली.

‘चुकलात का?’ झुटफेनहून एकटाच आलेल्या वेसेल नावाच्या म्हाताऱ्याने विचारलं.

‘चुकले बहुतेक. पहिल्यांदाच येतेय इथे,’ ती धडधडीत खोटं बोलली.

त्याने पत्रक सुलटं करून दिलं आणि दोघं बरोबर निघाली. बाजारात उभ्या उभ्या कांदा घातलेला हेरिंग मासा खाल्ला. तो आपल्या गुडघ्याला शिव्या देत होता, ती हसत होती. पाचव्या थांब्यावर तिने नवऱ्याचं नाव घेतलं, योरिस. किती महिन्यांनी ते नाव तिच्या तोंडून निघालं. वेसेलने घाई केली नाही, सगळं ऐकून घेतलं. आठव्यापर्यंत तिने मनाशी पक्कं केलं: फाटकातून आत गेलं की खरं सांगायचं, दार उघडायचं आणि याला कॉफीला बसवायचं. डायरी गेली चुलीत.

फाटकात शिरता शिरता तिने सुरुवात केली, ‘वेसेल, तुम्हाला एक सांगायचंय, मी ना...’

त्याने पटकन ओठांवर बोट ठेवलं आणि पाटीकडे खूण केली. ‘हळू बोला, बाई. इथे माणसं राहतात.’

तो चवड्यांवर चालू लागला, तशी आलेइडाही चालू लागली. आपल्याच दारावरून गेली. हिल्लेगोंडा खिडकीत होती. तिने सभ्यपणे मान फिरवली. वेसेल गुलाबांपाशी क्षणभर थांबला आणि वाकून तिच्या कानाशी कुजबुजला, ‘काय निवांत आहे! नशीबवान बायका.’

‘हो,’ आलेइडा म्हणाली, तेही हळूच, आणि त्याच्यामागोमाग बाहेर पडली.