हॉलमधलं नवं कनेक्शन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले की मध्ये हसलेलं मला चालत नाही. आणि चूक माझी होती, असं मी आजही म्हणणार नाही. ऐका आणि तुम्हीच ठरवा.

आम्ही तेव्हा धारवाडात, सप्तापूरला राहत होतो. मी कॉलेजात मराठी शिकवायची. दोन हजार पाच-सहाचा सुमार. घरात कॉम्प्युटर होता, पण इंटरनेट फोनच्या तारेवरचं. ते लावलं की फोन बंद, आणि मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं.

पुण्याचा माझा धाकटा भाऊ श्रीधर ह्यातला जाणता. त्यानं फोनवर बजावलं, की त्या लोकांच्या डोक्यावर उभी राहा, नाहीतर दारापाशीच कुठंतरी भोक पाडून निघून जातील. लाईन कॉम्प्युटरच्या टेबलापाशीच आणायला लाव. आणि तार पाईपमधनं घ्या म्हणावं, उघडी ठेवली तर खारी कुरतडतात.

आमचे यजमान म्हणाले, मी रजा काढून थांबतो. मी म्हटलं, काही गरज नाही. मागच्या बाकावरची पोरं सांभाळणाऱ्या बाईला दोन वायरमन जड आहेत होय?

ठरलेल्या दिवशी सकाळी दोन माणसं दारात. त्यातला थोरला, मल्लप्पा, म्हणाला, "नवं कनेक्शन हेच घर काय अक्का?"

हेच, म्हटलं, या. त्याच्या खांद्यावर पाईप होता. न सांगता पाईप आणलाय, म्हणजे माणसं कामाची, असं मनात आलं.

तो आपला मागच्या अंगाला चालला होता. मी त्याला वळवून हॉलमध्ये आणलं आणि टेबलाच्या वरची भिंत दाखवली. तो भिंतीकडं बघत राहिला. हॉलमध्ये सहसा कुणी घेत नाही, म्हणाला. बाकीचे काय करतात ते मला सांगू नका, मी म्हटलं. त्यानं "हौद्री", म्हणजे "होय जी", म्हणून छिन्नी काढली.

"फोर्स किती पाहिजे, अक्का?"

"सगळ्यात जास्त. कमी फोर्सचं आम्हाला नको."

"मग मोटर बसवावी लागंल."

आता मी भाषेची बाई. हे कसं सोडीन? "मोटर नव्हे," मी म्हटलं. "मोडेम. मो-डे-म."

त्यानं ते दोनदा म्हणून बघितलं. जोडीदाराला सांगितलं, की आता तसं म्हणतात. मग मी विचारलं, चोवीस तास येणार ना?

"चोवीस तास?" मल्लप्पाचा हात थांबला. "अख्ख्या धारवाडात कुणाला येतंय अक्का? चार-पाच दिवसांतनं एकदा."

माझं डोकंच फिरलं. जाहिरातीत एक सांगता आणि घरात येऊन एक सांगता, असं मी त्याला शुद्ध कन्नडात चांगलं सुनावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, खरं आहे, पण वरनंच सोडत नाहीत त्याला आम्ही काय करणार.

बघा, ह्यात एक तरी शब्द असा होता का, की मला शंका यावी?

त्यांचं ठोकणं चाललं होतं तोवर मी आत उप्पीट केलं. नव्या वस्तूला हळदकुंकू लावायचं म्हणून ताट केलं. तेवढ्यात हाक आली, की सुरू करून बघा. मी ताट घेऊन बाहेर आले, तर कॉम्प्युटरच्या बरोबर डोक्यावर पितळी नळ. मी तोंड उघडायच्या आत मल्लप्पानं तो सोडला. पाणी यायचा दिवस नेमका तोच होता. धार थेट की-बोर्डावर.

आणि त्याच वेळी समोरचे देसाई वकील दारात. आमचे प्लंबर इकडं आलेत काय, म्हणून विचारत. त्यांनी मागच्या नव्या खोलीसाठी नळ सांगितला होता.

आता मला सांगा, वकिलासमोर मी कबूल करू?

"मीच बोलावून घेतलं," मी म्हटलं. "हॉलमध्ये एक नळ हवाच होता."

"कॉम्प्युटरवर?"

"बोटं स्वच्छ नकोत का?"

मी मल्लप्पाला उप्पीट वाढलं आणि नळाला हळदकुंकूही लावलं.

दुसऱ्या दिवशी खरे ब्रॉडबँडवाले आले. यजमान घरीच होते. नळाशेजारी आम्ही काही बसवणार नाही, म्हणाले, आणि पाण्यापासून लांब म्हणून कॉम्प्युटर उचलून यजमानांच्या पलंगाशेजारी नेला. सगळं चालू झाल्यावर त्यांच्यातला एकजण पुन्हा हॉलमध्ये आला आणि नळाकडं बघत राहिला.

"हे कुणाचं डोकं अक्का?"

"आमच्या यजमानांचं," मी म्हटलं.

यजमान मागंच उभे होते, कालपासून न वाळलेला की-बोर्ड टॉवेलनं पुसत. त्या माणसानं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि हळू आवाजात मला म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी घरी नव्हता वाटतं. बाईमाणूस घरात असतं तर असं झालंच नसतं."

"तेच तर," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.