मशीन जीपमध्ये मेलं नव्हतं

लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून त्याला वेगवान करणं परवडतं का? नाही. जमतं का? तेही बहुतेक नाहीच. आज हे शेंबडं पोरही सांगेल. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या शेवटच्या वर्षात परभणीत असं काही विचारायचं झालं तर लोक माझ्याकडे यायचे, आणि मी म्हणायचो, "बघू, होऊन जाईल." माझं अर्धं दुकान या एका वाक्यावर चालत होतं.

दुकानाच्या पाटीवर 'रेडिओ व टीव्ही दुरुस्ती' असं ठळक लिहिलेलं होतं. त्यापुढे 'कॉम्प्युटर' हा शब्द नंतर घुसवला होता. जागा उरली नव्हती म्हणून त्याची अक्षरं बारीक होती, आणि माझं त्या विषयातलं ज्ञानही साधारण तेवढंच होतं. हैदराबादला जाऊन एक कोर्स केला होता. त्यातला बराचसा वेळ इराणी चहा पिण्यात गेला. पण सासुरवाडीला पाथरीत मी 'कॉम्प्युटरवाले जावई' होतो, आणि जावयाचं ज्ञान तपासायची पद्धत आमच्याकडे नाही.

सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. सरकी-पेंडीचा व्यापार, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि आवाज असा की पेठेच्या त्या टोकाला माप करणारा हमाल दचकावा. महादेवाची पूजा ते रोज मनापासून करत. माझा अंदाज असा की महादेवही त्यांना थोडा वचकून असावा. त्यांना दोन मुलगे. थोरला अमेरिकेत इंजिनीयर. त्याचा फोटो देवघराशेजारी टांगलेला. धाकटा घरातच होता, त्यामुळे त्याचा फोटो लावायची कुणाला गरज वाटली नव्हती. तो पाथरी-परभणी जीप चालवायचा आणि जुन्या पेट्रोल जीपा विकत घेऊन त्यांत डिझेल इंजन बसवायचा. त्या काळात आमच्या भागात हा मोठाच उद्योग होता. पेट्रोल कुणाला परवडत नव्हतं, म्हणून बाडी जीपची आणि इंजन मिळेल त्याचं. इंजन उंच पडलं तर बॉनेट दोरीनं बांधायचं, जड पडलं तर जीप नाक खाली घालून चालायची. चालायची मात्र.

आप्पांना एकच व्यसन होतं, बुद्धिबळाचं. पूर्ण्याचे एक निवृत्त रेल्वे गार्ड दर रविवारी त्यांच्याशी खेळायला यायचे. ते वारले. त्यानंतर आप्पांसमोर बसायला गावात कोणी उरलं नाही, कारण त्यांच्याशी हरलं तर ते अक्कल काढायचे आणि जिंकलं तर जात सोडून बाकी सगळं काढायचे. पटावर सोंगट्या मांडून ते ओट्यावर एकटेच बसलेले दिसू लागले. शेवटी सासूबाईंनी अमेरिकेला कळवलं, आणि थोरल्यानं एका मित्राबरोबर ते मशीन पाठवलं. काळं, पेटीसारखं उघडणारं, पायलीभर ज्वारीएवढं जड. आत बुद्धिबळाचा खेळ होता. पाथरीत आलेला तो पहिला लॅपटॉप असावा. निदान दुसरा कुणी तसा दावा केलेला मी ऐकला नाही.

एकदा मी गेलो तेव्हा आप्पा त्या मशीनकडे, उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसे बघत बसले होते.

"जावईबापू, हे ईचार लय करतंय," ते म्हणाले. "मी प्यादं सरकवलं की बसतंय ईचार करीत. मी पूजा करतो, जेवतो, जरा आडवा होतो. उठून पाहावं तर अजून ईचारच करायलंय. मग लाईट जाती. मग त्याची बॅटरी जाती. अन् डाव बी जातो. आजवर एक डाव पुरा झाला न्हाई."

धाकटा मेहुणा दारात हात पुसत उभा होता. "इंजन कमी पडायलंय त्याला," तो म्हणाला. "दाजी, इंजन बदलून टाकू. बाडी हीच ठिवायची."

"तुला कोण ईचारलं?" आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "व्हतं का तसं?"

आता इथे मला तीन वाक्यं सांगता आली असती. त्याला प्रोसेसर म्हणतात. तो कसा बसवलाय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मी असलं मशीन आजवर उघडलेलं नाही. पण सासूबाई समोर ताट ठेवत होत्या, त्यावर तुपाची धार पडत होती, आणि तूप वाढत असताना 'मला येत नाही' म्हणणारा जावई मी तरी पाहिलेला नाही.

"बघू," मी म्हणालो. "होऊन जाईल."

हैदराबादच्या बाजारातून मी टेबलावरच्या एका मोडक्या कॉम्प्युटरमधला जोरकस प्रोसेसर पैदा केला. टेबलावरच्या मशीनमध्ये तो खोबणीत बसतो. जुना काढायचा, नवा दाबायचा, झालं. याच भरवशावर मी पाथरीहून आणलेलं आप्पांचं मशीन एका दुपारी दुकानात उघडलं. आत खोबण नव्हतीच. जुना प्रोसेसर चारी बाजूंनी केसासारख्या बारीक पायांनी थेट सर्किटच्या पट्टीला डाखलेला होता. माझ्या हातातल्याला खालून खिळे होते, कंगव्याच्या दातांसारखे. दोघांचा एकमेकांशी संबंध, रेल्वेच्या इंजनाचा आणि शिलाई मशीनचा असावा तितकाच.

शहाण्या माणसानं तिथंच झाकण लावलं असतं. पण दुकानासमोर मेहुण्याची जीप उभी होती, दोरीनं बांधलेल्या बॉनेटसकट. त्या जीपकडे बघून दुसऱ्या कुणी धडा घेतला असता. मी हिंमत घेतली. टीव्हीच्या जाड तारा डाखायची माझी सोल्डरिंगची काडी तापवली आणि पाय सोडवायला लागलो. एका बाजूचे सुटले. दुसऱ्या बाजूला पायांबरोबर पट्टीवरच्या तांब्याच्या रेघाही उचलून आल्या, दुधावरून साय यावी तशा अलगद. मग मी घाबरून जुनाच प्रोसेसर परत ठेवला आणि जमेल तिथे डाख दिला. बटण दाबलं. बारका दिवा लागला, कुरडई करपल्याचा वास आला, आणि दिवा गेला. पुन्हा तो कधीच लागला नाही.

समजा, नवा बसला असता, तरी काय झालं असतं? ती पट्टी त्याला ओळखणारच नव्हती. तो तापला असता, आणि एवढ्याशा पेटीत ती उष्णता जायला वाट नव्हती. बॅटरी आधीच दम टाकत होती, ती तर आणखी लवकर गेली असती. जड इंजन घातल्यावर जीपच्या स्प्रिंगचे पाटे बसतात, हे मला रोज दिसत होतं. त्यातून अर्थ काढायचं मात्र सुचलं नाही.

हे सगळं मी सांगू शकलो असतो. एरवी मशीन मांडीवर घेऊन एसटीनं मीच पाथरीला गेलो असतो, आणि मग सांगावंच लागलं असतं. पण संक्रांतीच्या आसपासचे दिवस होते, नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं, आणि एसट्या बंद होत्या. आप्पांच्या ओट्यावर बसणाऱ्यांपैकी ज्यांनी विद्यापीठ बाहेरूनही पाहिलं नव्हतं, त्यांनाच त्याच्या पाटीची जास्त काळजी लागली होती. मेहुणा मात्र शेतातल्या वाटांनी जीप काढून अडलेल्या लोकांना घेऊन परभणीला आला होता. परत जाताना तो दुकानात डोकावला.

"झालं का, दाजी?"

"झालं," मी म्हणालो. मशीन मी आधीच उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलं होतं. मेलेल्याला गुंडाळतात तसंच, पण हे मला नंतर सुचलं.

"दावा की चालू करून."

"बॅटरी उतरलीय. घरी गेल्यावर चार्जिंगला लाव. आणि जपून ने."

त्यानं ते खरंच जपून नेलं. एका म्हातारीला मागे बसवून मशीन स्वतःशेजारी ठेवलं, त्यावर एक हात, स्टेअरिंगवर एक हात. त्या म्हातारीनं पुढे आठवडाभर गावभर तक्रार केली, म्हणून ही गोष्ट मला कळली.

एसट्या सुरू झाल्यावर मी सणाच्या जेवणाला गेलो, तेव्हा निकाल लागलेला होता. मशीन ओट्यावर मरून पडलं होतं, मेहुणा खांबाला टेकून उभा होता, आणि आप्पा त्याच्या सात पिढ्यांचा हिशेब करत होते, त्यात त्यांचीही एक पिढी येते हे लक्षात न घेता.

"जावईबापूंनी करून दिलं, अन् ह्यानं ढेकळातून नेलं," त्यांनी मला सांगितलं. "काय झालं असंल?"

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाट ओढून बसलो.

"नाजूक वस्तू असते," मी म्हणालो. "हादरे बसले की संपलं."

तीळगुळाची पोळी वाढली गेली. मी दोन खाल्ल्या. चांगल्या होत्या.

"तू," आप्पा मेहुण्याला म्हणाले, "उद्यापासून दिवेलागणीला गाडी आणून हितं लावायची. अन् माझ्यापुढं बसायचं. मशीन मोडलं नव्हं? आता तूच मशीन."

"आप्पा, मला घोडा कसा चालतो ते बी ठाऊक न्हाई."

"मग मशीनपेक्षा जल्दी हरशील. डाव तरी पुरा व्हईल."

काही दिवसांनी माझ्या दुकानात थोरल्याचा अमेरिकेहून फोन आला. मशीन गेल्याचं त्याला कळलं होतं. इकडचं तिकडचं बोलून त्यानं विचारलं, "लेव्हल कमी करून पाहिली होती का? मी सगळ्यात वरची लावून दिली होती. खालची लावली की आप्पा वाईट वाटून घेतील म्हणून. एक बटण दाबलं असतं तर लगेच उत्तर दिलं असतं त्यानं."

म्हणजे मशीन मंद नव्हतंच. बापाचा मान राखत होतं. प्रोसेसरला कुणी हात लावायची गरज नव्हती. एक बोट पुरलं असतं. मी म्हणालो, "हो का," आणि तेही कुणाला सांगितलं नाही.

मेहुणा मात्र खरंच बसला. आप्पा जाईपर्यंत, रोज संध्याकाळी. सुरुवातीला पाच-सहा चालींत मात व्हायची आणि शिव्या चाली संपल्यावरही चालू राहायच्या. बाहेर जीपमध्ये उतारू बसून असायचे, हॉर्न वाजवायचे, मग उतरून ओट्यावर येऊन डाव बघायचे आणि मेहुण्याला चुकीचे सल्ले द्यायचे. दोन-तीन वर्षांनी त्यानं पहिल्यांदा आप्पांचा वजीर मारला. आप्पांनी पट उधळला, आणि जेवताना सासूबाईंना म्हणाले, "वजीर घेतला आज त्यानं. सरळ घेतला." सासूबाई सांगतात, त्या पोराबद्दल आप्पा चांगलं बोलल्याचं त्यांनी तोवर ऐकलं नव्हतं.

घरात त्याला 'मशीनमारू' म्हणायचे. लग्नाकार्यात नव्या सुनांना हा किस्सा ऐकवला जायचा, आणि मी शेजारी बसून हसायचो. हसू येत नव्हतं असं नाही. यायचं. तीच खरी लाज आहे.

गेल्या वर्षी मी पाथरीला गेलो. आता तोही म्हातारा झालाय. जीप केव्हाच विकली, गुडघे गेले. दोघंच होतो. तो सुपारी कातरत होता. मी सगळं सांगितलं, सोल्डरिंगच्या काडीपासून करपलेल्या वासापर्यंत, आणि लेव्हलचंही. सुपारी कातरून झाली, ती त्यानं माझ्यापुढे केली, आणि म्हणाला,

"दाजी, हे आता कशाला उकरून काढायलाव?"

"तुझ्यावर आळ आला ना. इतकी वर्षं."

"आला तर आला. मी मोडलं म्हणून त्यांनी मला पुढं बसवलं. न्हाईतर मी काय त्यांच्यापुढं बसणार व्हतो?" तो थोडा चिडलाच. "मी मोडलंच न्हाई म्हणून सांगितलं, तर लोक म्हणतील, ह्यो उगंच बसला एवढे दिवस."

"मग काय करू? लिहू नको?"

"लिहा की. तुमाला झोप येत न्हाई, तर लिहा." त्यानं अडकित्ता मिटला. "पण ते सगळं तुमच्या दुकानात झालं, असं लिहून तिथंच थांबा. संध्याकाळचं आमचं दोघांचं तुमी घेऊ नका. तिथं तुमी नव्हता."

तिथं मी नव्हतो, हे खरं आहे. संध्याकाळी पाथरीत असलो तर मी आत जेवत असे.