खबर आणणाऱ्यांची वही

यादीबाईंची नेमणूक जन्मनोंदणीच्या ऑफिसात सफाई कामगार म्हणून झाली होती आणि कागदोपत्री त्या आजही सफाई कामगारच आहेत. अठ्ठावीस वर्षांत आत्ताचे धरून सात साहेब झाले. प्रत्येकाने आल्या आल्या 'बाई, तुम्ही फक्त झाडलोट बघा' असं बजावलं, आणि महिना उलटायच्या आत तोच साहेब मागच्या खोलीचं दार हळूच लोटून विचारू लागला, 'बाई, ती अमुक सालची वही कुठे असेल हो?' बाईंनी एकालाही टोमणा मारला नाही. आपण असतो तर सातही जणांना मारला असता.

गाव रस्त्याच्या शेवटाला आहे. म्हणजे रस्ता तिथे संपतो आणि पुढे दगडाची खाण लागते. बस अकराला येते, चारला परत जाते, आणि त्यानंतर तीन दिवस तोंड दाखवत नाही. नव्या माणसाला इथे काही म्हणता काही सापडत नाही, कारण कुठलीच गोष्ट जिथे असायला हवी तिथे नाही. झेरॉक्सचं मशीन न्हाव्याकडे. अर्जाला लावायची सरकारी तिकिटं सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे. डॉक्टर मंगळवारी, तेही शाळेच्या दुसऱ्या वर्गात. पोस्ट बंद दिसलं तर समजायचं की पोस्टमास्तर पत्रं वाटायला गेलेत, कारण पोस्टमनही तेच. हे सगळं यादीबाईंना तोंडपाठ, म्हणून गावात उतरलेला माणूस आधी त्यांच्याकडे पाठवला जातो.

त्या इथल्याच. नवरा खाणीत होता, छातीत धूळ बसून गेला, पदरात दोन मुली. ऑफिसात झाडायची जागा मिळाली ती तेव्हा. मागच्या दप्तरखान्यात त्या वेळी मोठे कारकून बसत. पोराबाळांशिवायचा, लग्नाच्या भानगडीत न पडलेला, तिरसट माणूस. थुंकी लावून पान उलटणाऱ्याला ते खोलीबाहेर काढायचे, मग तो साहेब का असेना. त्यांची नजर कमी होत चालली होती आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. एक दिवस त्यांनी बाईंच्या हातातला झाडू बाजूला ठेवायला लावला आणि एक वही पुढे केली. "वाचता येतं?"

"चौथीपर्यंत शिकलेय."

"पुष्कळ झालं. ओरडून वाचू नका, मी आंधळा होतोय, बहिरा नाही."

सहा वर्षं बाई त्यांचे डोळे होत्या. त्या सहा वर्षांत त्या चौथीतून कुठल्या कुठे पोचल्या, हे त्यांच्या पगारपत्रकात दिसत नाही. पुढे दोन्ही मुलींचा अभ्यास त्यांनीच घेतला, आणि आज थोरली दवाखान्यात परिचारिका आहे. बाई हे सगळं मोठ्या कारकुनांच्या खाती टाकतात. ते निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. जाताना एकच सांगून गेले: वही कोरडी ठेवा.

ही वही म्हणजे जन्मनोंदींची सूची, आणि गाव बाईंना यादीबाई म्हणू लागलं ते हिच्यापायी. गावात आडनावं तीनच, आणि बापांची नावंही फिरून फिरून तीच. त्या काळच्या नोंदीत आईचं नाव लिहीत नसत, बाळाचं नाव तर ठेवलेलंच नसायचं. मग एकाच नावाच्या सहा बापांमधला आपला कोणता, हे कसं कळणार? मोठ्या कारकुनांनी यावर स्वतःची अक्कल लढवली. बाप पुष्कळ, पण ऑफिसात येऊन जन्माची खबर देणारी माणसं मोजकी. खाणीतल्या माणसाला पाळी सोडून यायची सोय नव्हती, म्हणून खबर आणायची ती सुईण, नाहीतर वाणी, नाहीतर दगडाच्या ट्रकचा ड्रायव्हर. तर सूची लावली खबर आणणाऱ्यांच्या नावाने. प्रत्येकाला वेगळी पानं, त्याखाली त्याने आणलेल्या खबरा. साहेब लोकांना ही पद्धत म्हणजे डोक्याला ताप वाटायची. बाईंना मात्र ती पहिल्यापासून पटली होती.

परवाच्या बसने एक पंपवाला आला. म्हणजे विहिरीवरचे पंप दुरुस्त करणारा मेस्त्री, वय अठ्ठेचाळीस, यंत्रांच्या आवाजाने एक कान गेलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. साहेबांसमोर उभं राहून त्याने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. त्याच्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्याचं तिला जुळत होतं. पण ती सख्खी बहीण आहे हे हॉस्पिटलच्या समितीला कागदावर हवं होतं, आणि कागदावर दोघांची आडनावं वेगळी. आई बाळंतपणात गेली, तीन महिन्यांचा असताना याला शहरातल्या मावशीने दत्तक घेतलं. शाळेत मावशीने जन्मतारीख अंदाजाने घातलेली.

"परवा समितीची बैठक आहे," तो म्हणाला. "ती चुकली तर पुढची दीड महिन्याने. डॉक्टर म्हणतात दीड महिना धरून चालू नका."

साहेब तरुण होते आणि वाईट नव्हते. त्यांनी संगणकावर बापाचं नाव टाकलं. त्या दोन-तीन वर्षांत त्या नावाच्या बापांना झालेले मुलगे निघाले एकोणीस. साहेबांनी मान हलवली आणि मागच्या दाराकडे पाहत हाक मारली, "बाई."

बाई लादी पुसून आल्या, साबणाने हात धुतले, रुमालाला कोरडे केले. मग त्याला मागच्या खोलीत स्टुलावर बसवून विचारलं, "भाऊ, तुमच्या जन्माची खबर कोणी आणली होती?"

त्याला प्रश्नच कळला नाही. बाईंनी वहीची रीत समजावून सांगितली. मग दोघं शोधू लागले. सुईणीच्या पानांवर या नावाच्या बापांचे बरेच मुलगे होते, पण प्रत्येकापुढे 'बाळ-बाळंतीण सुखरूप' असा शेरा. वाण्याच्या यादीत दोन निघाले, त्यातला एक जन्मतःच गेलेला आणि दुसरा समोरच्या गिरणीत आत्ता दळण दळत होता. ट्रक ड्रायव्हरने त्या दोन-तीन वर्षांत खबर आणलीच नव्हती, कारण ट्रक बंद पडून होता. दीड वाजला. बाईंनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्यापुढे ठेवली, ती तशीच राहिली.

"बहिणीला विचारा ना," बाई म्हणाल्या. "ती मोठी होती ना तुमच्याहून?"

"अकरा वर्षांनी." त्याने फोन लावला. कानामुळे त्याचा फोन नेहमी मोठ्या आवाजात असायचा, त्यामुळे पलीकडचंही खोलीभर ऐकू आलं.

"ताई, माझ्या जन्माची खबर ऑफिसात कोणी दिली होती गं?"

खरखरीतून एक थकलेला आवाज आला. "कशाला हवंय तुला?"

"त्याशिवाय कागद निघत नाहीये."

"मग नको काढूस. सोड तो नाद आणि परत ये. जेवलास का?" आणि फोन बंद.

पंपवाल्याने फोन मांडीवर ठेवला. "तिलाच नकोय हो," तो म्हणाला. "म्हणते, तुला मी माझ्या हाताने मावशीच्या ओटीत टाकलं. देऊन टाकलेल्या पोराच्या अंगातलं आता कुठल्या तोंडाने मागू?"

बाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्या विचारात पडल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं माणसं त्यांना उत्तरं देत आली होती, आणि उत्तर देताना माणूस काय गाळतो हे त्यांना कळायला लागलं होतं.

"तुमच्या ताईंना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला माहीत नसतं तो आधी 'माहीत नाही' म्हणतो. त्या एकदाही तसं म्हणाल्या नाहीत."

"मग सांगत का नाही?"

"कारण त्याच आल्या असतील."

तो हसला. बाईंचं डोकं पुढे धावत होतं. अकरा वर्षांच्या पोरीची खबर नियमात बसत नाही, खबर देणारं माणूस सज्ञान लागतं. मोठे कारकून नियमाला पक्के. पण दारात आलेल्या पोरीला त्यांनी हाकलून दिलं असेल? छे. मग तिची खबर त्यांनी कुणाच्या नावावर घातली?

आणि बाईंना एकदम आठवलं. वहीच्या अगदी शेवटी एक पान होतं. पहिल्याच वर्षी, वहीची रीत कळायच्या आधी, धूळ झटकताना ते त्यांच्या हातून उघडलं होतं. वर मोठ्या कारकुनांचं स्वतःचं नाव, आणि खाली चौदा मुलांचे जन्म. ब्रह्मचारी माणसाच्या नावावर चौदा मुलं. बाईंनी वही मिटली, तोंडही मिटलं, आणि देवमाणसाचं हे एवढं पाप आपण पोटात ठेवायचं असं ठरवून टाकलं. पुढे रीत कळली, हजार वेळा वही उघडली, पण त्या पानापाशी हात आपोआप मागे यायचा. बरं, कुणाला सांगायची सोय नाही, विचारायची तर त्याहून नाही.

आता त्यांनी ते पान उघडलं. चौदा खबरा होत्या. खबर देणारा म्हणून प्रत्येकीवर कारकुनांनी आपलं नाव घातलेलं, आणि शेजारी बारीक अक्षरात खरं कोण आलं ते. 'भाऊ आला, वय दहा.' 'शेजारची मुलगी, वय बारा, वडील आजारी.' कुणाला पोरवयाचं म्हणून परत पाठवायचं नाही आणि नोंदही चुकवायची नाही, म्हणून त्या तिरसट माणसाने चौदा वेळा स्वतःची नोकरी पणाला लावली होती. बाईंना भरून आलं आणि लाजही वाटली. माफी मागायला माणूस उरला नव्हता.

नवव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ती मोठ्याने वाचली, ओरडून नाही, जशी सवय होती तशी.

"मुलगा. आई बाळंतपणात गेली. बाप खाणीत. खबर थोरल्या बहिणीने आणली, वय अकरा, खाणीपलीकडच्या वस्तीवरून तीन तास चालत. आपलं कुणी खरं मानणार नाही म्हणून बाळ सोबत घेऊन आली आहे. बाळ आठ दिवसांचं, ठणठणीत. शिक्का उमटलेला बघितल्याशिवाय मुलगी जागची हलली नाही."

खाली बहिणीचं पूर्ण नाव, नोंदीचा क्रमांक आणि पान. पंपवाल्याने बाह्यांना डोळे पुसले, पुन्हा पुसले, मग वहीच्या त्या ओळीकडे टक लावून बसला. हात मात्र त्याने मांडीखाली दाबून धरले होते, ओली बोटं पानाला लागू नयेत म्हणून. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ज्यांनी हे लिहिलं ते कुठे असतात?" त्याने विचारलं.

"नाहीत आता."

"मग तुम्हीच ऐकून घ्या. त्यांनी लिहून ठेवलं आणि तुम्ही सांभाळलंत. माझी बहीण वाचली तर ती तुम्हा दोघांमुळे."

"मी फक्त कोरडी ठेवली," बाई म्हणाल्या, आणि घड्याळाकडे बघून उठल्या. तीन वाजले होते.

पुढची धावपळ बघण्यासारखी होती. न्हाव्याकडे एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर होतं, त्याला तसंच फेसात ठेवून झेरॉक्स निघाली. सायकलवाल्याच्या काळ्या बोटांनी तिकीट डागाळू नये म्हणून ते बाईंनी स्वतः फाडून घेतलं. साहेबांनी नोंद आणि वहीतलं पान दोन्ही ताडून पाहिली, दोन्हींच्या झेरॉक्सवर सही केली आणि शिक्का दोनदा दाबला. "बाई," ते म्हणाले, "ही वही मला शिकवाल का?" सात साहेबांत हे विचारणारे हे पहिलेच. बाईंनी 'उद्या सकाळी, लादी वाळल्यावर' असं सांगितलं.

बस उभी होती. ड्रायव्हरला बाईंचा निरोप आधीच गेला होता, त्यामुळे तो इंजिन चालू ठेवून तंबाखू मळत बसला होता. पंपवाल्याने पायरीवर एक पाय ठेवला आणि फोन लावला. बाई पिशवी धरून बाजूला उभ्या राहिल्या. त्याने हॅलो म्हणायच्या ऐवजी ती ओळ वाचायला घेतली, आणि 'बाळ सोबत घेऊन आली आहे' इथे त्याला पुढे जाता येईना.

पलीकडून ताईंचा आवाज आला. "सगळी वाट झोपलेला होतास. मी मध्येमध्ये थांबून श्वास चालू आहे ना ते बघायचे."

"ताई, त्या दिवशी तू मला विचारलं होतंस का, येतोस का म्हणून?"

"आठ दिवसांच्या पोराला काय विचारणार?"

"उचललंस आणि निघालीस."

"मग काय करणार होते?"

"मग आता मीही तुला विचारत नाही."

ड्रायव्हरने तंबाखू तोंडात टाकली, पण गिअर टाकला नाही. फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला, मग घसा साफ केल्याचा, आणि मग मोठ्या बहिणीचा तो नेहमीचा, हुकूम सोडणारा सूर.

"पुढच्या सीटवर बस. मागे फार धक्के बसतात. आता अंग जपायला हवं तुला."

यादीबाई आधीच वर चढल्या होत्या. त्यांनी त्याची पिशवी पुढच्या सीटवर ठेवली आणि त्याला बसायला जागा करून दिली.