कोरी चौकट

शहापुरात सिमेंटची घरं नुकती येऊ लागली होती. आमच्या बैठकीच्या भिंतीवर गवंड्यानं प्लास्टरची सुंदर चौकट काढली आणि आतली जागा कोरीच ठेवली. येणारा-जाणारा विचारी, "इथं काय लावून राहिले जी?" चौथ्या दिवशी आई वैतागली, "बोलवा बाप्पा कोणाले तरी!"

पेंटर समोरच्या चहाटपरीवर डबे घेऊन, कानामागं ब्रश खोचून बसलेलाच होता! एरवी तो नाटकांचे पडदे रंगवायचा. दोन दिवसांत त्यानं चौकटीत वैनगंगा वाहती केली आणि कोपऱ्यात, सहीच्या जागी, गवंड्याची थापी काढली.

"स्वतःचं नाव नाही टाकलं?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक त्यानं आणलं," तो हसला, "मंग नाव माह्यं कायले?"

पाहुणे आजही विचारतात, चित्र कोणाचं? आई थापीकडं बोट दाखवते, "आमच्या गवंड्याचं!"