मिशावाला झांजवाला

आधीच सांगतो, हे सांगायची मला हौस नाही. पण तळोद्याच्या जीपस्टँडवर चहाच्या टपरीत जो तो माझा किस्सा आपल्या मनाने सांगतो. कोणी म्हणतं, भिका आबा जिवंत बाईच्या मयताला गेला. कोणी म्हणतं, म्हातारा रडता रडता मंडपाचा खांब घेऊन पडला. खांब पडला नव्हता. मी पडलो होतो, तोही बसताना. शेवटी सून म्हणाली, आबा, तुम्हीच लिहून काढा, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. चौथी नापास माणसाच्या हातात वही देते! घ्या मग. चहा निवायच्या आत ऐका आणि मधे बोलू नका.

तर मी तमाशाच्या फडात झांज वाजवायचो. आता लोक विचारतात, झांज म्हणजे नुसतं टाळासारखं आपटायचं ना? असं विचारणाऱ्याच्या कानाखाली झांज वाजवावी. गाणारी चुकली तर ढोलकी सांभाळून घेते. ढोलकी चुकली तर कोण सांभाळतो? झांजवाला. पण टाळ्या कोणाला? जाऊ द्या.

गाणारी होती तानाबाई. तिचा नवरा दशरथ ढोलकीवर. कपडे शिवायला आणि पडदा ओढायला रशीद शिंपी, आमच्या तळोद्याचाच. खापरच्या बाजाराला आमचा खेळ लागला की पहाडातून माणसं चालत यायची. त्यांना आमची मराठी निम्मी कळायची नाही. पण तानाबाईने गवळण धरली की तोंडातला घास तोंडात राहायचा. मी डाव्या बाजूला उभा. तिने सूर लावायच्या आधी एकदा माझ्याकडे बघायचं, मी झांज हलकेच टेकवायची, मग तिने उचलायचं. वीस वर्षं असं. त्यात दुसरं काही शोधू नका. दशरथ माझा दोस्त होता.

मग एकदा मुंबईहून टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं. आठ मिनिटांचं गाणं. बाई आणि ढोलकी तेवढी या, बाकीची माणसं आमची आहेत, असं कळवलं. म्हणजे वीस वर्षं मी काय माशा मारत होतो? दोन दिवस जेवलो नाही, तेवढंच. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ती दोघं मुंबईला गेली आणि इकडे माझी झांज गायब! पितळेची, कडांना झिजून पातळ झालेली, लाल कापडात बांधलेली. पेटी उपसली, राहुट्या उपसल्या. लाल कापड सापडलं कुठे? रशीदच्या मशीनखाली. मग काय, मी भर बाजारात त्याला झांजचोर म्हटलं. तो म्हणाला, भिका, मी पितळ शिवतो का? लोक हसले. मला जास्तच राग आला.

गाण्याचा दिवस उजाडला. टीव्ही तळोद्यात मोजक्या घरांत. आम्ही गेलो एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे. ओसरीवर लाकडी दारांचा टीव्ही, पुढे सगळा मोहल्ला बसलेला. बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे, दोघी-तिघी तर नवं लुगडं नेसून आलेल्या, जशी तानाबाई टीव्हीतून त्यांनाच बघणार आहे. आणि चित्र येईना. नुसत्या मुंग्या.

मी म्हटलं, अँटेनाची काडी फिरवावी लागेल. आणि चढलो धाब्यावर. मातीचं सपाट छप्पर, मधे बांबूला बांधलेली अँटेना. मी फिरवायचो, खालून रशीद सांगायचा. थोडी गुजरातकडे. आता पहाडाकडे. नाही, परत गुजरातकडे. तेवढ्यात तानाबाईचा आवाज आला. खालून, त्या डबड्यातून.

आणि रशीद ओरडला, "हालू नको भिका, काचनागत दिखी ऱ्हायनं!"

काचेसारखं दिसतंय म्हणे. आता सांगा, काय करायचं? बांबू सोडला की चित्र जाणार. खाली पन्नास माणसं. मी उभा राहिलो. आठ मिनिटं दोन्ही हातांनी बांबू धरून, वारा खात, कावळ्यासारखा. गाणं सगळं ऐकलं. बघितलं काही नाही. आणि एक गोष्ट कानात रुतली. झांज चुकत होती. प्रत्येक अंतऱ्याला अर्धा ठोका मागे. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, घ्या, मुंबईचा झांजवाला आणला ना? भोगा.

चार दिवसांनी ती दोघं परतली. तानाबाई पिशवी खाली न ठेवता आधी माझ्याकडे आली. भिकाभाऊ, बघितलं का मला, म्हणाली. तोंड असं फुललेलं.

आता इथे खरा गाढवपणा. मी नुसतं म्हणायचं ना, बाई, मी धाब्यावर होतो. पण नाही. माझ्याशिवाय गेलेल्या माणसांना मी सांगू, की मी तुमच्यासाठी बांबू धरून उभा होतो? म्हटलं, बघितलं की. गाणं चांगलं होतं. पण तो झांजवाला बेताल होता.

ती म्हणाली, "कोणता झांजवाला?"

मी म्हटलं, तोच, तुझ्या मागे बसलेला. आणि खोटं पक्कं करायला त्याला रंगवत गेलो. जाड होता. एवढ्या मिशा होत्या. पोट मांडीवर आलेलं. असल्या माणसाला ताल कसा कळणार?

तानाबाई माझ्याकडे बघत राहिली. तोंड विझलं. पिशवी उचलून राहुटीत गेली. उसनी झांज घेऊन मी उभा राहायचो, पण त्या दिवसापासून सूर लावायच्या आधी तिने माझ्याकडे बघणं सोडलं. सरळ समोर बघून उचलायची. मी विचारलं का तिला, काय झालं म्हणून? मी कशाला विचारू? मुंबई बघून आली, डोकं फिरलं, असं मी म्हटलं. हंगाम संपल्यावर फड सोडला. तळोद्याला येऊन रसवंतीचं गुऱ्हाळ टाकलं. ती आणि दशरथ खापरला घर करून राहिले. तळोदा ते खापर काही विलायत नाही. जीपने जाऊन चहा पिऊन माणूस परत येतो. मी पस्तीस वर्षं गेलो नाही.

आता या मागच्या हिवाळ्याकडे या.

सून अंगणवाडीत गेलेली. तिचा जुना मोबाईल ओट्यावर. माझं बोट लागलं आणि उजेड झाला, तर समोर तानाबाई! जत्रेतल्या फोटोवाल्याने काढलेला फोटो, मला पाठ आहे तो. ती पुढे, पायात चाळ, मान वाकडी. मागे दशरथची ढोलकी आणि त्याचा एक कान. फोटोभोवती फुलं, खाली दोन दिवे, बारीक अक्षरांत काहीतरी. अक्षरं कशाला वाचायची? फुलं आणि दिवे कळायला शाळा लागत नाही. तिथेच बसलो. मग खांद्यावर उपरणं टाकलं आणि जीप पकडली.

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. त्याची रीत असते. कोण गेलं, कसं गेलं, हे दारात विचारायचं नसतं. जायचं, डोक्यावर उपरणं घ्यायचं, रडायचं, बसायचं. चहा मागायचा नाही. निघताना येतो म्हणायचं नाही, मुकाट्याने उठायचं. रीत चांगली आहे. पण तिच्यात माझ्यासारखा माणूस फसतो.

दारापुढे मंडप, दहा-बारा बाप्ये बसलेले. बसायला गेलो आणि गुडघ्याने दगा दिला. ते पडणं ते. लोकांना वाटलं दुःखाने पडलो. खरं तर दुःखानेच. पडल्या पडल्या मी जे सुरू केलं, ते मला थांबवता येईना. म्हटलं, बाई, पस्तीस वर्षं मी आलो नाही. तू टीव्हीवर गायलीस आणि मी बघितलंच नाही. खोटं बोललो तुझ्याशी. मिशावाला कोणी मी पाहिलाच नव्हता. मी धाब्यावर होतो बाई, तुझं चित्र नीट दिसावं म्हणून बांबू धरून होतो.

एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. हळूच म्हणाला, "आबा, बाई कोण? दशरथबापू गयात."

दशरथ! तो एक कान! फोटोतला तो एक कान गेला होता आणि मी त्याच्या दारात त्याच्या बायकोच्या नावाने रडत होतो. धरणी काही दुभंगली नाही. ऐन वेळी ती कधी दुभंगत नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला. दुखवट्यातली बाई, भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिने बोलायचं नसतं. पण तो आवाज मी बाराव्या घरातून ओळखला असता.

"इचारा त्याले, झांजवालाले मिशा व्हत्यात का?"

मी उंबऱ्याशी सरकलो. म्हटलं, "माले काय माहीत बाई. मी तं धाबावर व्हतू."

मग ती म्हणाली, "झांज मन्हा हातमा व्हती. तुन्हीच झांज."

ती सांगत गेली, भिंतीकडे बघतच. तुला नेत नव्हते, म्हणून म्हटलं तुझी झांज तरी टीव्हीत दिसू दे. लाल फडकं फडातच टाकून नुसती झांज उचलून नेली. मला वाजवता कुठे येत होती? गाता गाता वाजवली, अर्धा ठोका मागे पडायची. म्हटलं, भिकाभाऊ झांज ओळखेल आणि हसेल. आणि तू येऊन सांगतोस, जाड होता, मिशा होत्या. मग मी झांज परत दिलीच नाही.

आणि ती हसली. नवरा जाऊन तीन दिवस झालेले आणि बाई हसली. आतल्या बायका तिला गप्प करायला लागल्या. हसता हसता रडायला लागली, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. मग म्हणाली, "तेरावं व्हई गयं का ये. तुन्ही झांज लई जाय."

मी म्हटलं, "येतो बाई."

झालं. मंडपातल्या माणसांनी माना वर केल्या. मयताच्या दारात येतो म्हणालो! एक म्हातारी तर थुंकलीच. मी चप्पल उलटसुलट घालून जीपकडे निघालो.

तेराव्याला गेलो नाही. लाज वाटली. मग म्हटलं, महिना जाऊ दे. मग रसवंतीचे दिवस आले. रोज ठरवायचो. तिला काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं, की अर्धा ठोका मागे पडणं वाईट नसतं, कधी कधी गाण्याला शोभतं.

उन्हाळ्यात एक दिवस सून मोबाईल घेऊन आली. आबा, हे बघा, म्हणाली. बघतो तर तोच फोटो. तीच फुलं, तेच दिवे. ती वाचायला लागली, तसं मी तिला अडवलं. म्हटलं, वाचू नको, मला माहीत आहे. एकदा फसलो, पुन्हा फसणार नाही. दशरथचं जुनंच परत फिरतंय. सून म्हणाली, आबा, ऐका तरी. मी म्हटलं, चौथी नापास असेन, पण एकच गाढवपणा दोनदा करत नाही. आणि गुऱ्हाळावर गेलो.

त्यांच्या घरात एकच फोटो होता. नवऱ्याला तोच लावला, बायकोलाही तोच.

संध्याकाळी सुनेने समोर बसवून अक्षर अक्षर वाचून दाखवलं. तोपर्यंत खापरला सगळं उरकलं होतं. जिवंत होती तेव्हा मी तिच्या मयताला गेलो, आणि मेली तेव्हा गुऱ्हाळावर ऊस पिळत बसलो.

आठवड्याने खापरच्या जीपवाल्याने एक पुडकं आणून दिलं, बाई तसं सांगून गेली होती म्हणे. झांज. राखेने घासून चकचकीत ठेवलेली. मी ती घेऊन रशीदच्या दुकानात गेलो. आता मशीन त्याचा मुलगा चालवतो, तो नुसता बाकावर बसून असतो. त्याने झांज बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "चोर सापडला का रे?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. म्हटलं, रशीद, तू तरी बघितलंस तिला. सांग, झांज हातात घेऊन कशी दिसत होती? कोणत्या हातात धरली होती?

त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, "काय दिसनार? आखीरपर्यंत मुंग्याच व्हत्यात. आवाज तेवढा चांगला ई ऱ्हायंता, म्हनीसन म्हटलं, हालू नको."

म्हणजे कोणीच बघितलं नाही तिला. पन्नास माणसांनी मुंग्या बघितल्या आणि मी बांबू. मी म्हटलं, माफी माग. तो म्हणाला, काडी तुझ्या हातात होती. नीट धरली असतीस तर साऱ्या गावाने पाहिली असती तिला. आणि आधी मला चोर म्हटल्याचं बघ.

मी रागाने झांज उचलली आणि वाजवायला लागलो. म्हटलं, ऐक, झांज कशी वाजते ते. हल्ली हात थरथरतो. पहिला ठोका पडला, दुसरा अर्धा मागे. तिसराही मागेच. रशीद माझ्याकडे बघत होता. माझ्या पोटाकडे, मांडीवर आलेल्या. मग माझ्या मिशांकडे.

"बाईले तू खरंच सांगं व्हतं," तो म्हणाला. "झांजवाला बेताल शे. आनि मिशा बी शेतीस."

मिशाही आहेत म्हणे! आता मी रोज जातो त्याच्याकडे. झांज नेतो. तो ऐकतो, चुका काढतो. त्याची माफी मीही मागेन, नाही म्हणत नाही. पण आधी त्याने मागायची. आठ मिनिटं धाब्यावर उभं केलं मला आणि वरून म्हणाला, काचेसारखं दिसतंय. वहीत नाव लिहून ठेवतो, म्हणजे टपरीवर कोणी चुकीचं सांगणार नाही. रशीद शिंपी, तळोदा.