नाकारलेली पार्सलं

रोस्विटा केम्नर आमच्या जिन्यात कुणालाच आवडायची नाही, आणि तिलाही त्याची फिकीर नव्हती. ओले बूट घालून कुणी वर चढलं की तिसऱ्या मजल्यावरचं तिचं दार उघडलंच म्हणून समजा. पायऱ्या पुसायची पाळी चुकवली तर दुसऱ्या दिवशी बादली तुमच्या दारात. मी तळमजल्यावर राहायची आणि त्याच भागात टपाल वाटायची, त्यामुळे तिची बोलणी मी घरीही खाल्ली आणि कामावरही. पण मी लिहायला बसले आहे ती तिच्या तोंडाळपणाबद्दल नाही. तिच्या हातून जे झालं त्यात माझाही हात होता, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिचा थोरला भाऊ लोथार साठ साली, देश दुभागणारी भिंत उभी राहण्याच्या वर्षभर आधी, पलीकडे पश्चिमेत निघून गेला आणि कासेलला एका कारखान्यात लागला. आई, मार्टाआजी, लेकीजवळ राहिली. तेव्हा त्या दोघी जुन्या बाजारामागे एका अंधाऱ्या घरात राहत, आणि आजी या वयात कोळशाच्या बादल्या तीन मजले वर ओढायची. चौऱ्याहत्तर साली रोस्विटाला जिल्हा कचेरीत, तारा पाठवण्याच्या खोलीत, नोकरी मिळाली. नोकरीबरोबर आमच्या इमारतीतलं नवं घर. नळाला गरम पाणी, खोल्या आपोआप उबदार. त्यासाठी एका कागदावर सही करायची होती, की घरातल्या कुणीही पलीकडच्या माणसांशी संबंध ठेवणार नाही. पत्र नाही, पार्सल नाही, भेट नाही. तिनं सही केली. आईच्या पाठीसाठी केली, असं ती मला एकदा म्हणाली, आणि ते खरंच असावं. पण आईला तिनं त्या कागदाबद्दल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आजी म्हणाली असती, मग मी कोळसाच ओढते.

लोथारचं पार्सल नाताळाच्या दोन आठवडे आधी यायचं, आईच्या नावानं. कॉफी, बेदाणे, चॉकलेट. खोक्याला असा वास असायचा की मी पिशवीतून काढायच्या आधी रस्त्यावरच्या बायकांना कळायचं. त्या पहिल्या वर्षी मी ते घेऊन चढत होते तर रोस्विटानं मला पहिल्या मजल्याच्या जिन्यातच गाठलं. येताना वरचं दार तिनं ओढून घेतलं होतं.

"हे परत जाईल," ती हळू आवाजात म्हणाली.

मी म्हटलं, पार्सल आजींच्या नावाचं आहे, नाकारायचं तर सही त्यांचीच लागेल.

"द्या इकडे, मी करते."

"फ्राऊ केम्नर, असं चालत नाही हो."

"इथे कुणी बघतंय? नाही ना? मग चालतं."

मी पेन दिलं. तिच्या कचेरीचा मला धाक होता हे खरं, पण खरं सांगायचं तर वादही नको होता आणि उरलेल्या दोन मजल्यांचे जिनेही नको होते. तिनं 'मार्टा केम्नर' असं नीट, म्हातारीसारख्या तिरक्या अक्षरात लिहिलं. मी वर चिठ्ठी डकवली, 'घेणाऱ्याने नाकारले', आणि पार्सल परत नेलं. पुढची चौदा वर्षं तेच झालं. त्याची पत्रंही तशीच परत गेली.

आजीचे डोळे तोवर अधू झाले होते. लोथारला पत्र लिहायचं तर ती सांगायची आणि रोस्विटा लिहायची. लिहायची, घडी घालायची, आणि टाकायची नाही. नाताळ जवळ आला की आजी हातांनी चाचपत दोन श्टोलन भाजायची, बेदाणे घातलेले, साखरेत घोळवलेले लांबट गोड पाव. एक घरासाठी, एक लोथारसाठी. रोस्विटा तो आईसमोर कागदात गुंडाळून दोरीनं बांधायची, टपालात टाकते म्हणून बाहेर पडायची आणि माझ्या दारात आणून ठेवायची. पहिल्या वर्षी मी नको म्हटलं. दुसऱ्या वर्षी कापला. चांगला व्हायचा. मुलांनी विचारलं की मी सांगायचे, वरच्या आजींनी पाठवलाय.

उन्हाच्या दिवसांत आजी दारासमोरच्या बाकावर बसायची. मी दिसले की, म्हणजे माझ्या सायकलचा आवाज आला की, विचारायची, "माझं काही?"

"आज काही नाही, आजी."

पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना तेव्हा पलीकडे जाऊ द्यायचे. परत नाही आले तर सरकारचा पेन्शनचा खर्चच वाचायचा. मी एकदा शहाजोगपणे विचारलं, आजी, तुम्ही का नाही जात लेकाकडे?

"ज्याला आईला चार ओळी टाकवत नाहीत, त्याच्या दारात बॅग घेऊन उभी राहू?" ती म्हणाली. "श्टोलन मिळाला एवढंसुद्धा कळवत नाही मेला."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसले.

एकोणनव्वदच्या सप्टेंबरात आजी गेली. लोथारला तारही गेली नाही, कारण कागद अजून लागू होता. आणि नोव्हेंबरात भिंत उघडली. इमारतीतली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, गाड्या काढून सीमेकडे निघाली होती. रोस्विटा तेवढी जिन्यात पायरीवर बसली होती, जिथे तिनं कधी कुणाला बसू दिलं नाही.

"सात आठवडे," ती मला म्हणाली. "फक्त सात आठवडे हो."

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लोथार स्वतःच आला, हातात खोकं घेऊन, आईला भेटायला. आई नाही हे त्याला दारात कळलं. टपाल वाटणारी तळमजल्यावर राहते असं कळून तो खोक्यासकट खाली माझ्याकडे आला आणि त्यानं सरळ विचारलं, पार्सलं तुम्हीच आणायचात ना, परत करताना आई काय म्हणायची? त्याच्या मागे रोस्विटा उभी होती, पांढरीफटक. मी म्हटलं, म्हातारी माणसं हट्टी असतात हो. त्यानं मान हलवली. तिला सोडून गेलो, तिचा राग बरोबरच होता, म्हणाला. मग कबरीवर जाऊन कितीतरी वेळ माफी मागत उभा राहिला. आम्ही दोघी फाटकाशी थांबलो होतो.

त्यानंतर तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मार्चात निवडणूक झाली, उन्हाळ्यात पलीकडचं चलन आमच्याकडे लागू झालं, आणि ती पार्सलातली कॉफी कोपऱ्यावरच्या दुकानात कुणालाही मिळू लागली. रोस्विटाची कचेरी बंद व्हायच्या वाटेवर होती. सही केलेला कागद कुठे आहे हे तिनं एकदा विचारलं, तर तिथल्या नव्या माणसाला कसला कागद हेच कळेना. लोथार तिची खुर्ची दुरुस्त करायचा, तिला गाडीतून फिरवायचा. पन्नाशीत तिला भाऊ मिळाला होता, आणि दर भेटीत तो कबरीवर जाऊन माफी मागत होता. ती वाळत चालली होती. सांगितलं तर हा जाईल, एवढंच ती मला म्हणायची.

तीन ऑक्टोबरला, देश एक झाला त्या दिवशी, तिनं दुपारी मला आणि लोथारला जेवायला बोलावलं. मांसाच्या गुंडाळ्या, लाल कोबी, बटाट्याचे गोळे. टीव्हीवर झेंडा आणि घंटा. लोथारनं ग्लास उचलला.

"एवढा मोठा देश एकमेकांना माफ करून मोकळा झाला," तो म्हणाला. "आईनं काही मला माफ केलं नाही."

रोस्विटानं सुरी खाली ठेवली.

"आईनं काही नाकारलं नाही, लोथार. तुझी पार्सलं आली हे तिला माहीतच नव्हतं. सही माझी आहे."

मग तिनं सगळं सांगितलं, तारेत लिहितात तसं तुटक. आईची पत्रं कुठे आहेत, त्यानं विचारलं. भीतीपोटी जाळली, ती म्हणाली. आईला काय वाटत होतं, त्यानं विचारलं.

"की तू तिला विसरलास."

टीव्हीवर गाणं चालू होतं आणि तो बंद करायला कुणी उठेना. लोथार म्हणाला, "आणखी कुणाला माहीत होतं?"

रोस्विटानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणाला नाही," ती म्हणाली. "यांनाही मी आईनंच नाकारलंय असं सांगायचे."

तो उठला, कोट घातला आणि तिच्याकडे न बघता माझ्यापाशी आला. माझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. "तुम्ही तरी आईशी रोज दोन शब्द बोलायचात," म्हणाला. मी हात तसाच राहू दिला.

त्यानंतर तो आला नाही. रोस्विटा आणखी तेरा वर्षं त्या घरात एकटी राहिली. मला तिनं एका शब्दानं कधी टोमणा मारला नाही. जिन्यात ओल्या बुटांनी गेले तरी काही बोलायची नाही, आणि ते मला सहन व्हायचं नाही. तिच्या अंत्यविधीला मी आणि पाद्री धरून आम्ही पाच जण होतो.

लोथारला मीच कळवलं. तो आला नाही, पण त्याचं पत्र आलं. आभार मानले होते, आणि शेवटी लिहिलं होतं, त्या इमारतीत आईशी खरेपणानं वागणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. पत्ता वर आहे, तो अजून कासेललाच आहे. उत्तर लिहायचं राहून गेलं, असं मी मुलांना सांगते. राहून गेलेलं नाही. मी लिहीत नाही.