सुईदोरा गेला

शाळेतून निवृत्त झाल्यावर ड्रिलमास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढली, पण शिस्त काही सोडली नाही. निसर्गमंडळाच्या रविवारच्या फेरीला ते माणसांना दोन-दोनच्या रांगेत उभं करत, मग ते बँकेतले साहेब असोत की कॉलेजातली पोरं. "खोकायचं असेल त्यांनी आत्ताच खोकून घ्या," असं फाटकापाशी बजावत, आणि चांगली मोठी माणसं मुकाट्याने घसा खाकरत. मास्तर नाकावर माशी बसू देत नसत, आणि बसलीच तर आधी तिची जात सांगून मग हाकलत.

फेरी शहराच्या कडेच्या जुन्या खाणीत जायची. दगड काढणं कधीच बंद पडलं होतं, खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि भोवती झुडपांचं रान माजलं होतं. तिथे एका सपाट दगडापाशी 'ऐकण्याची जागा' होती. सगळ्यांनी डोळे मिटून गप्प उभं राहायचं आणि मास्तरांनी ऐकू येईल त्या पक्ष्याचं नाव पुकारायचं, ही पद्धत अर्थातच मास्तरांनी घातलेली. वर्गात हजेरी घ्यावी तसं चाले. "बुलबुल. डावीकडे कोतवाल. पाण्यावर खंड्या." नवख्या माणसाला ही जादूच वाटे. मधे बोलायला बंदी होती. शंका नंतर विचारायच्या, आणि नंतरही कुणी विचारत नसे, कारण मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

या हजेरीतलं त्यांचं लाडकं नाव म्हणजे सुईदोरा. पक्षी बोटभर, मातकट, झुडपाच्या पोटात लपून बसणारा. दिसायचा क्वचितच, पण आवाज असा बारीक आणि लांबलचक की मंडळाने त्याला हे नाव दिलं होतं. त्या खाणीत तो पहिल्यांदा ओळखला तो मास्तरांनी, त्यामुळे त्याच्याबद्दल ते पोटच्या पोरासारखं बोलत.

गेल्या दोन वर्षांत हे पोर गैरहजर राहू लागलं. आधी एखादा रविवार, मग महिना, मग अजिबातच नाही. मास्तर जेवताना मधेच घास हातात धरून म्हणत, "पलीकडचा रस्ता रुंद केला ना, त्यानेच गेला तो." शेवटी मंडळाने जाहीर व्याख्यान ठेवलं, 'सुईदोरा गेला'. वक्ते मास्तर, जागा लायब्ररीचं सभागृह, वेळ रविवारी संध्याकाळी. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचं औषधांचं दुकान होतं. त्यांनी दुकानाच्या काचेवर, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीशेजारी, पत्रक चिकटवलं आणि पेपरच्या बातमीदारालाही निरोप धाडला. मास्तरांना खरोखर वाईट वाटत होतं. व्याख्यानही झकास तयार झालं होतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या पोटात सुखाने नांदू शकतात.

मास्तरीणबाई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होत्या. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांचं बोलणं त्यांना बिनचूक कळे. घरी मात्र मास्तर त्यांनाच म्हणत, "तू फार तोंडातल्या तोंडात बोलतेस."

"अहो, मी स्वच्छ बोलतेय. तुम्ही एकदा कान दाखवून या."

"झुडपातलं पाखरू जागा सांगून ओळखणारा कान आहे हा. तो दाखवायचा?"

वॉशिंग मशीन कपडे झाल्याचं पिप-पिप करून सांगत राही, आणि मास्तर त्याच्याच शेजारी बसून पेपर वाचत. बाई आतून धावत येऊन ते बंद करत. बायकोचं कामाकडे फार लक्ष, असं मास्तरांना वाटे.

इतक्या वर्षांत मास्तरीणबाई फेरीला एकदाही गेल्या नव्हत्या. सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी चिखल तुडवण्यात त्यांना काही राम वाटत नव्हता. पण व्याख्यानाच्या दिवशी सकाळी त्या बूट घालून तयार.

"तू कुठे निघालीस?"

"तुमच्या सुईदोऱ्याकडे. होता तेव्हा आले नाही, निदान गेल्यावर तरी येते."

मास्तर मनातून सुखावले. तरी बाईंना त्यांनी रांगेत शेवटीच उभं केलं, नियम म्हणजे नियम.

ऐकण्याच्या जागी सगळ्यांनी डोळे मिटले. मास्तरांनी बुलबुल पुकारला, कोतवाल पुकारला, दोनदा खंड्या पुकारला. मग बराच वेळ थांबून त्यांनी मान हलवली. "आजही नाही," ते म्हणाले. दोघातिघांनी उसासे टाकले.

"आणि तो बारीक आवाज कसला?" मागून मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कोणता?"

"हा काय. काचेवरून ओलं बोट फिरवावं तसा. तुम्ही हजेरी सुरू केलीत तेव्हापासून चाललाय."

बंदी मोडल्याबद्दल झापायला मास्तरांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात समोरचे चेहरे त्यांना दिसले. कुणी बुटांकडे बघत होतं, कुणी पाण्याकडे. सेक्रेटरीबाई तर कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

"सेक्रेटरीबाई, तुम्हाला येतोय ऐकू?"

"येतोय."

"कधीपासून?"

"तसा नेहमीच येत होता, मास्तर. पण तुम्ही नाव घेतलं नाहीत, म्हणून मला वाटलं, हा सुईदोरा नसणार. किडाबिडा असेल."

"मीही किडाच धरून चाललो होतो," बँकेतले साहेब हळूच म्हणाले.

सेक्रेटरीबाईंनी मोबाइलवर आवाज टिपला आणि लावून मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो उजव्या कानाशी धरला, मग डाव्या. पडद्यावर हिरवी रेघ थरथरत होती. मास्तरांना स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू आलं नाही. त्यांना फार लाज वाटली. लाजेखाली भीतीही होती. कानच गेला तर मंडळाला आपली गरज काय, आणि दर रविवारी आपण उठायचं तरी कशासाठी?

परतताना रांग मोडली तरी ते कुणाला बोलले नाहीत. फाटकापाशी सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "व्याख्यान पुढे ढकलू या का? तब्येतीचं कारण सांगू."

घरी आल्यावर मास्तर बायकोवर उखडले. "चार माणसांत विचारायची काय गरज होती?"

"मला काय माहीत तो तुमचा गेलेला पक्षी आहे ते? आवाज आला, विचारलं."

मास्तर जेवले. मग उठून त्यांनी दिवसातून दुसऱ्यांदा दाढी केली आणि सदऱ्याला इस्त्री केली.

"मग, ढकलायचं ना पुढे?" बाईंनी विचारलं. या वेळी त्या मोठ्याने बोलल्या.

"अजिबात नाही. शाळेत मी कुणाची पोटदुखीची चिठ्ठी चालवून घेतली नाही."

सभागृह भरलं होतं. मास्तरांनी माइक बाजूला सारला. "पहिली गोष्ट, पत्रकात चूक आहे," ते म्हणाले. "पक्षी कुठेही गेलेला नाही. मला ऐकू येईनासं झालंय. आणि मी नाव घेतलं नाही म्हणून तुम्ही आपल्या धडधाकट कानांवर विश्वास ठेवला नाहीत, ही चूक माझ्या शिकवण्याची. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या."

लोक हसले. बातमीदार लिहायचं थांबला आणि मग दुप्पट वेगाने लिहू लागला. त्यानंतर मास्तर सुईदोऱ्याबद्दल बोलले, तो काय खातो, कुठल्या काटेरी झुडपात घरटं बांधतो, मादी अंड्यांवर बसली की नर कुठे बसून गातो, सगळं. सकाळी टिपलेला आवाज लावायला सांगितला, तेव्हा तो सुरू झाला की नाही हे त्यांनी लोकांच्या चेहऱ्यांवरून ओळखलं. माना वर झाल्या तसे ते म्हणाले, "हं. हाच."

शेवटी त्यांनी नवा नियम जाहीर केला. ऐकण्याच्या जागी ज्याला जे ऐकू येईल त्याने ते बोलायचं, आणि मास्तर सगळ्यात शेवटी बोलणार.

"म्हणजे फेरी तुम्हीच नेणार?" बँकेतल्या साहेबांनी विचारलं.

"मग कोण नेणार? तो कुठल्या झुडपात असतो हे तुमच्यातल्या कुणाला ठाऊक आहे?"

कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, यंत्र लावलं तर बाकीचं पुष्कळ सुधारेल, पण बारीक आवाजांची ही अगदी वरची पट्टी परत येणार नाही. मास्तरांनी यंत्र घ्यायचं कबूल केलं आणि रविवारी रांग लावली.

नव्या नियमाने ऐकण्याच्या जागी नुसता बाजार भरला. जो तो नावं पुकारत होता, त्यातली निम्मी चुकीची. साहेबांनी बेडकाला तांबट ठरवलं. मास्तरांनी एकेकाला सरळ केलं आणि मंडळी सेक्रेटरीबाईंबरोबर पाण्याकडे पाठवली. स्वतः मात्र दगडापाशीच राहिले. मास्तरीणबाईही थांबल्या.

"आत्ता गातोय?" मास्तरांनी विचारलं.

"गातोय."

"कुठून?"

बाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड एका काटेरी झुडपाकडे वळवलं. मास्तरांना पानांशिवाय काही दिसलं नाही.

"थांबला की सांग."

"सांगते."

मास्तर डोळे मिटून उभे राहिले. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.